चित्रातली पायवाट

मामा संग्रहालयात आला तो जाड चादरीत गुंडाळलेलं एक भलंमोठं चौकोनी गाठोडं छातीशी धरून. दारावरच्या पहारेकऱ्याने आत काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आमचं गाव."

पहारेकऱ्याला ती गंमत कळली नाही. त्याने वरच्या मजल्यावर भाचीला फोन लावला. "बाई, एक म्हातारे गृहस्थ आलेत. गाव घेऊन आलोय म्हणतात. सोडू का आत?"

भाची हसत हसत जिना उतरली. संग्रहालयात जुन्या छापील चित्रांचा विभाग तिच्याकडे होता. चाळिशी ओलांडली होती, कानशिलाजवळ केस पांढरे व्हायला लागले होते, पण मामा तिला अजून ठकी म्हणूनच हाक मारायचा. आजही त्याने भर दारात तीच हाक मारली आणि पहारेकऱ्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

तिच्या खोलीचे पडदे कायम ओढलेले असत. उजेड कागदाला खातो. भिंतीला लागून उथळ खणांची लोखंडी कपाटं, मधोमध लांबच लांब टेबल. मामाने टेबलावर आधी हात फिरवून लाकूड पाहिलं, नाक मुरडलं, आणि मग चादर सोडली.

चित्र तिने लगेच ओळखलं. न ओळखायला काय झालं? आई गेल्यावर मामा तिला आपल्या घरी घेऊन आला, तेव्हा ती जेमतेम बोलायला लागली होती. मामा सुतार. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. ती वाढली ती सुतारकामाच्या खोलीत, भुश्शात खेळत, आणि त्या खोलीत कामाच्या बाकाच्या वर हे चित्र टांगलेलं होतं. मामाच्या आजोबांनी कुठल्याशा जुन्या बाजारातून आणलेलं, दीडशे वर्षांपूर्वीचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. टेकडीच्या अंगावर चढत गेलेली घरं, माथ्यावर दगडी मनोरा, पुढे नदी, नदीकाठी कुरण, आणि कुरणातून लाकडी पुलाकडे जाणारी पायवाट. पायवाटेवर कमरेला टोपली लावलेली एक बाई पाठमोरी चाललेली, मागे दोन कुत्री. खाली बारीक वळणदार अक्षरांत गावाचं नाव.

लहानपणी ती मामाला विचारायची, "ती बाई कुठे चाललीय?" मामा रंधा मारता मारता रोज नवं उत्तर द्यायचा. कधी ती जावयाला चार शब्द सुनवायला निघालेली असायची, कधी टोपलीत नवऱ्याला घालून विकायला. मोठेपणी लोक तिला विचारत, तुम्ही या विषयाकडे कशा वळलात? ती काहीतरी गंभीर सांगायची. खरं उत्तर ती बाई होती.

"हे बघ," मामा बोट ठेवत म्हणाला. "आपला रस्ता."

"काचेवर बोट नको, मामा."

"बरं. पण दिसला ना?"

प्रकरण तिला फोनवर अर्धवट कळलं होतं. नदीकाठचं कुरण एका कंपनीने विकत घेतलं होतं. तिथे सुट्टीत येणाऱ्यांसाठी बंगले व्हायचे होते. कंपनीने चहूबाजूंनी तारेचं कुंपण घातलं आणि कुरणातली पायवाट आत गेली. पायवाट गेली म्हणजे पूल गेला, कारण पुलाकडे जायला गावातून दुसरी वाट नव्हती. पलीकडच्या वस्तीत दवाखाना होता, शाळा होती, आणि मामीची थोरली बहीण, आक्का, होती. रोज दुपारी भांडी आवरली की मामी पूल ओलांडून आक्काकडे जायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची. लग्न होऊन आल्यापासून तिचा हाच क्रम. आता पलीकडे जायचं तर गाडीरस्त्याने सगळ्या टेकडीला वळसा घालून मोठ्या पुलावरून. मामीच्या गुडघ्यांना ते शक्य नव्हतं, आणि आक्का तर अंथरुणालाच खिळली होती.

"कोर्ट म्हणतं, तिथून जुना रस्ता होता याचा पुरावा आणा," मामा म्हणाला. "आता रस्त्याचा पुरावा म्हणजे काय आणायचं? माझे तळपाय दाखवू? मोजणीच्या नकाशात गाडीरस्ते तेवढे काढलेत. पायवाट म्हणजे त्यांच्या लेखी काहीच नाही. मग परवा आमच्या वकीलबाई दुकानात आल्या. वर बघितलं आणि अशा किंचाळल्या की माझ्या हातातली पटाशी खाली पडली. म्हणाल्या, हा घ्या पुरावा! हे चित्र अस्सल आहे असं सांगणारं कुणी जाणकार हवं. मी म्हटलं, जाणकार ना? ती आमच्या घरातच आहे की. माझ्या भुश्शात लोळून मोठी झालीय."

हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की तिला नाही म्हणणं सुचलंच नाही. नाही म्हणायचं कारणही नव्हतं.

चौकट मामानेच केलेली होती, म्हणून खिळेही त्यानेच काढले. तिने कागद टेबलावर घेतला, दिवा तिरका केला, भिंग लावलं. कागद त्या काळचा होता. पत्र्याच्या कडेचा दाब चारी बाजूंनी उमटलेला होता. रेषांवर शाई किंचित उंच बसलेली बोटाला नाही, तरी नजरेला जाणवत होती. नंतर कुणी केलेली नक्कल नव्हती.

"अस्सल आहे," ती म्हणाली.

"मला काय सांगतेस?" मामा म्हणाला. पण त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली.

चित्र तिच्याकडे ठेवून तो परतला. कोर्टात साक्ष द्यायची म्हणजे काम चोख हवं, म्हणून ती त्याच छापखान्याची दुसरी चित्रं शोधायला लागली. कागद ताडून पाहायचा, शाई ताडून पाहायची, एवढाच विचार. कपाटाच्या तळच्या खणात एक चित्रसंग्रह होता. कुणा घराण्याने दिलेला, चामड्याची पाठ सुटलेला, बरेच दिवस हात न लागलेला. त्या काळी हौशी प्रवाशांसाठी असे संग्रह निघत. निसर्गरम्य गावं, नद्या, पडके किल्ले. घरबसल्या पाहावेत आणि पाहुण्यांना दाखवावेत.

ती सावकाश पानं उलटत होती. एका पानावर हात थांबला.

ती बाई होती. तीच. कमरेला टोपली, पाठमोरी, पायवाटेवर. मागे दोन कुत्री. तेच कुरण, तोच पूल, तीच घरं. फक्त माथ्यावर मनोरा नव्हता, आणि खाली नाव दुसऱ्याच गावाचं होतं. फार लांबच्या, दुसऱ्याच नदीकाठच्या.

पहिल्यांदा तिला वाटलं, त्यांनी आपल्या गावाची चोरी केली. तिला रागही आला. मग तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि भिंग घेतलं.

तांब्याचा पत्रा मऊ असतो. जसजसे छाप काढावेत तसतशा बारीक रेषा झिजतात आणि चित्र फिकं होत जातं. संग्रहातल्या चित्रात गवताचं पातं न् पातं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट होतं. मामाच्या चित्रात तेच गवत नुसतं करडं झालेलं होतं. म्हणजे मामाचं नंतरचं. तिने दिवा अगदी टेबलाच्या कडेला आणला. मनोऱ्याभोवतीचं आभाळ जरा गढूळ दिसत होतं. पत्रा तिथे खरवडून, घासून पुन्हा कोरलेला. आणि खाली गावाचं नाव संपतं तिथे, आधीच्या कुठल्यातरी अक्षराची शेपटी पुसायची राहून गेली होती.

इतकी वर्षं ती शेपटी तिला शाईचा ठिपका वाटत आली होती.

तरी तिने धीर सोडला नाही. चित्रकार दोन्हीकडे गेला असेल, दोन्ही गावं सारखी दिसत असतील, असं काहीबाही मनाशी म्हणत तिने दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात फोन लावला. तिथले निवृत्त प्रमुख तिचे जुने गुरू. या छापखान्याची खडान्‌खडा माहिती असलेले. तिने बाईचं वर्णन सुरू करताच ते हसायला लागले.

"टोपलीवाली ना? अगं, त्या छापखान्याने तिला कुठे कुठे हिंडवलंय म्हणून सांगू! नाव खोडायचं, नवं घालायचं, एखादा बुरूज नाहीतर मनोरा ठोकून द्यायचा की झालं नवीन गाव. चित्रकार आपल्या खोलीबाहेरही पडला नसेल. का गं, नवीन सापडलं का एखादं?"

"हो," ती म्हणाली. "नवीन सापडलं."

सुट्टीच्या दिवशी ती गावी गेली. बसने मोठा पूल ओलांडला तेव्हा खिडकीतून कुंपण दिसलं. नव्या तारा उन्हात चकाकत होत्या. आत पायवाट अजून होती. तिच्यावर गवत चढायला लागलं होतं, पण वरून पाहिलं की कुरणाच्या हिरव्यात एक फिकी रेघ पुलापर्यंत गेलेली ओळखू येत होती. ही रेघ खरी होती. ती स्वतः तिच्यावरून दप्तर घेऊन धावली होती, पडली होती, गुडघा फोडून घेतला होता. कोर्टाला दाखवायचा कागद मात्र खोटा निघाला होता.

मामा दाराच्या फळीला रंधा मारत होता. ती बाकाच्या टोकाला बसली, जिथे ती नेहमी बसायची, आणि सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही. मामाचा रंधा मध्ये एकदाही थांबला नाही. लाकडाच्या लांब सोलपट्या सुटून खाली पडत राहिल्या.

"म्हणजे ती आपल्या गावची नाही," शेवटी तो म्हणाला.

"नाही, मामा."

"इतकी वर्षं आपल्याकडे राहिली, तरी नाही?"

ती बाकावरचा भुसा बोटाने गोळा करत राहिली.

"पण रस्ता आहे ना?" मामाने रंधा बाजूला ठेवला. "चित्रात कोण चाललीय ते मरू दे. मी चाललोय त्याच्यावरून. माझा बाप चालला. खोटं आम्ही काय बोलतोय?"

"तुम्ही खोटं बोलत नाही. चित्र बोलतंय."

"मग चित्राला बोलू दे! तुला कुठे बोलायचंय? अस्सल आहे ना? तेवढंच सांग. अस्सल तर आहे."

मामी आतून दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बोलायची कमीच. "आक्काला आता घास भरवावा लागतो," ती म्हणाली. "सून भरवते. पण आक्काला घाईघाईने भरवलेलं गिळता येत नाही." एवढंच म्हणून ती आत गेली.

संध्याकाळी वकीलबाई आल्या. तरुण होत्या, स्कूटरवरून यायच्या, आणि हे काम फुकट करत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावून पायरीवरच बसल्या.

"चित्र मागे घेऊ या," भाची म्हणाली.

"मग माझ्याकडे राहिलं काय? गावातले तीन-चार म्हातारे. त्यातले दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत." वकीलबाई डोक्यावरचा हात काढून सरळ बसल्या. "तुम्ही खोटं बोला असं मी म्हणणार नाही. मला म्हणताच येत नाही. मी तुम्हाला एवढंच विचारेन, की कागद जुना आहे का आणि चित्र नक्कल तर नाही ना. दोन्हीची उत्तरं तुम्ही खरी द्याल. समोरचे काय विचारतील, ते त्यांचं डोकं. आणि विचारतीलच असं नाही. ते म्हणतील, चित्र म्हणजे नकाशा नव्हे, आणि मोकळे होतील."

"आणि विचारलंच तर?"

उत्तर मामाने दिलं. "तू ये तर खरी, ठके. तू उभी राहिलीस की लोकांना धीर येईल."

येत नाही म्हणायलाही तिला तोंड नव्हतं. आली नाही तर का आली नाही, हे सगळ्या गावाला सांगावं लागणार. तिने मान हलवली. त्या क्षणापासून तिला असं वाटत राहिलं, की आपण उताराला लागलेल्या हातगाडीत बसलोय आणि दांडी कुणाच्याच हातात नाही.

कोर्टाची खोली लहान होती. पंखा मोठ्याने फिरत होता आणि काय बोललं ते सारखं परत विचारावं लागत होतं. गावातली माणसं मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसली होती. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. मामाने दाढी करताना हनुवटी कापून घेतली होती. मामी घरीच होती.

आधी म्हाताऱ्यांच्या साक्षी झाल्या. पहिला म्हणाला, पायवाट विहिरीच्या उजव्या अंगाने जायची. दुसरा म्हणाला, डाव्या. पहिला मागच्या बाकावरून ओरडला, "याला उजवंडावं कधी कळलं होतं?" न्यायाधीशांनी टेबलावर बोटं वाजवली. कंपनीचे वकील, उंच, पडलेल्या आवाजाचे गृहस्थ, फार काही विचारत नव्हते. विचारायची गरजच पडत नव्हती. तिसऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं की आपण ही पायवाट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. वकिलांनी अदबीने विचारलं, समोर काय दिसतंय सांगाल का? म्हाताऱ्याने समोर पाहिलं आणि म्हणाला, "भिंत." समोर खिडकी होती.

मग तिला बोलावलं. चित्र चौकटीत परत बसवून न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवलं होतं. वकीलबाईंनी ठरल्याप्रमाणे विचारलं. कागद त्या काळचा आहे? आहे. नंतरची नक्कल नाही? नाही. कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं आहे? हो. तिचा आवाज नीट लागला होता. मागच्या बाकांवर चुळबूळ झाली, कुणीतरी समाधानाने खाकरलं.

कंपनीचे वकील अर्धवट उठले. "चित्र जुनं आहे, हे आम्हाला मान्य आहे. चित्र म्हणजे नकाशा नव्हे, एवढंच आम्ही पुढे म्हणू. यांना काही विचारायचं नाही." आणि ते बसले.

संपलं होतं. तिने खाली उतरायला कठड्यावर हात ठेवला.

"एक मिनिट," न्यायाधीश म्हणाले. ते मघापासून चित्रावर वाकले होते. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून पाहत होते. चेहरा सौम्य होता. "फार सुंदर आहे हो हे. एक विचारू? नुसतं कुतूहल. चित्रकार हे काढायला बसला कुठे असेल? नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

माहीत नाही, असं म्हणून उतरता आलं असतं. सांगणं कठीण आहे, असंही म्हणता आलं असतं. ते शब्द तिच्या जिभेवर होते. तिने मामाकडे पाहिलं. तो पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तिच्याकडे बघत होता. लहानपणी ती शाळेत कविता म्हणायला उभी राहायची तेव्हा बघायचा, तसा.

"साहेब," ती म्हणाली, "तो तिथे आलाच नव्हता."

पुढचं सगळं मग निघतच गेलं. न्यायाधीशांनी चष्मा खाली घेतला. कंपनीचे वकील पूर्ण उठले. त्यांनी विचारलं आणि ती सांगत गेली. दुसरा छाप, दुसरं गाव, खरवडलेलं आभाळ, अक्षराची शेपटी. तिने भिंग मागितलं आणि न्यायाधीशांना ती शेपटी दाखवलीसुद्धा. ती इतकी बारकाईने, इतकी छान समजावून सांगत होती, की मध्येच तिचा तिलाच आवाज ऐकू आला आणि ती गप्प झाली.

बाहेर व्हरांड्यात कुणी तिच्याशी बोललं नाही. उजवंडावं न कळणारा म्हातारा तेवढा जवळ आला, तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि निघून गेला. एक शेजारीण दुसरीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "सख्खी असती तर असं केलं असतं का?" मामाने ते ऐकलं. तो वळला, त्या बाईपुढे जाऊन उभा राहिला. मग तो परत आला आणि त्याने चित्र चादरीत गुंडाळायला घेतलं.

"चल," तो म्हणाला. "बस चुकेल."

बसमध्ये चित्र दोघांच्या मांड्यांवर आडवं होतं.

"मला माहीत नाही म्हणता आलं असतं, मामा."

"हं."

"का नाही म्हटलं, मला कळत नाही."

मामा खिडकीबाहेर बघत होता. "सकाळी काही खाऊन निघाली होतीस का?" त्याने विचारलं. ती नाही म्हणाली. "मग तोंड एवढंसं दिसणारच," तो म्हणाला, आणि पुन्हा बाहेर बघायला लागला. त्याने तिला शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

निकाल लागायला काही महिने गेले. जुनी वहिवाट सिद्ध झाली नाही. गावकऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही, असं निकालात एक वाक्य होतं. ते वाक्य मामाने वकीलबाईंकडून तीनतीनदा वाचून घेतलं, जणू काही त्यातून वाट निघणार होती. वरच्या कोर्टात जाण्याइतकं हातात काही नव्हतं. तुम्ही बोलला नसता तरी कदाचित आपण हरलोच असतो, असं वकीलबाई भाचीला फोनवर म्हणाल्या. त्या भल्या मनाने म्हणाल्या. पण त्या 'कदाचित'वर भाची पुढे किती दिवस अडकून राहिली, हे त्यांना माहीत नव्हतं.

नंतर मामीचा फोन आला. मामी स्वतःहून फोन करत नसे. "आक्काला मुलगा घेऊन चाललाय त्याच्याकडे. शहरात. सून इथे एकटी कंटाळली. सकाळी गाडी येणार आहे म्हणे. तू येशील का?"

ती मिळेल त्या बसने निघाली आणि सकाळी गावात पोचली. मामी दारातच उभी होती, बाहेर जायचं लुगडं नेसून. मामाच्या पायांत चपला होत्या. तिघंही कुंपणाशी गेली.

फाटकावरचा रखवालदार गावातलाच होता. त्याच्या बाळाचा पाळणा मामाने केला होता. मामाला येताना पाहून तो उठून उभा राहिला आणि मामा काही बोलायच्या आधीच हात जोडले.

"मामा, नका ना."

"अरे, मी नाही जात. हिला एकटीला सोड. पुलापर्यंत. तिची बहीण चाललीय."

"कळतंय मला. पण तो बघा." त्याने खांबावरच्या कॅमेऱ्याकडे नुसती मान केली, बोट केलं नाही. "मागच्या आठवड्यात गुरं आत आली, तर माझ्या जोडीदाराला काढलं. मामा, पाया पडतो तुमच्या. माझ्याकडे किल्लीसुद्धा नसते. ती ऑफिसात असते."

"ऑफिसात कोण आहे?"

"या वेळेला कोणीच नसतं."

पलीकडच्या काठावर आक्काचं घर झाडांमधून दिसत होतं. दारात एक पांढरी गाडी उभी होती. माणसं आत-बाहेर करत होती. मामीने दोन्ही हातांनी तार धरली. हाक मारली. नदीचा आवाज होता, आणि मामीचा गळा मुळातच बारीक. भाचीने हाक मारली, मामाने मारली. शेवटी रखवालदारानेही तोंडाशी हात धरून आरोळी ठोकली. तिकडे कुणी मान वर केली नाही.

"गाडीरस्त्याने जाऊ या," भाची म्हणाली आणि रस्त्याकडे धावत सुटली. दूधवाल्याचा टेम्पो दिसला, तिने तो हात आडवे करून थांबवला. मामीला पुढे बसवलं, मामा आणि ती मागे दुधाच्या कॅनांच्या मधे उभी राहिली. टेकडीच्या वळणावर बंगल्यांची वाळू घेऊन आलेला ट्रक रस्त्यात आडवा लागला होता. तो मागे-पुढे होत होता, ड्रायव्हर खिडकीतून हात हलवून थांबा थांबा म्हणत होता. दूधवाल्याने हॉर्न दाबून धरला. मामा खाली उतरला आणि ट्रकपुढे जाऊन, आयुष्यात त्याने कुणाला दिल्या नव्हत्या अशा शिव्या देऊ लागला. ड्रायव्हर बिचारा म्हणत होता, "आजोबा, उडवून नेऊ का ट्रक?" त्याचंही खोटं नव्हतं.

ते पोचले तेव्हा आक्काच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण अंगण झाडत होती. "आत्ताच निघाले," ती म्हणाली. "म्हातारी सारखी पुलाकडे बघत होती. मुलगा म्हणाला, उशीर होतोय." मग मामीचा चेहरा पाहून तिने झाडू टाकला आणि पाणी आणायला आत गेली. मामी ओट्यावर बसली. मामा तिच्यापासून दोन हात लांब उभा राहिला आणि कुलूप हातात धरून हलवून बघत राहिला.

भाचीने खूप काही बोलायचं ठरवलं होतं. मामीपुढे बसून तिने एवढंच म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

मामीने तिच्याकडे पाहिलं. "तुझ्यामुळे असतं तर तुला चार धपाटे घातले असते," ती म्हणाली. "कुणाला घालू, तेच कळत नाहीये."

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून झाल्यावर मामी भाचीजवळ येऊन उभी राहिली. आक्काच्या मुलाला फोन लावून देतेस का, म्हणाली. भाचीने लावून दिला. तिकडे सुनेने फोन आक्काच्या कानाशी धरला असावा. मामीला फोनवर बोलायची सवय नव्हती, आणि आक्काला ऐकू कमी यायचं. समोरासमोर असताना दोघींना बोलावं लागतच नसे. एकीने दुसरीचे केस विंचरावेत, दुसरीने डोळे मिटून बसावं, दुपार सरायची.

"आक्का, मी बोलतेय," मामी मोठ्याने म्हणाली. "ऐकू येतंय का?"

पलीकडून काहीतरी पुटपुटणं आलं.

"मी! मी बोलतेय! जेवलीस का?"

पुन्हा पुटपुटणं. मग सुनेचा आवाज आला, "त्या विचारतायत, कोण बोलतंय."

मामीने फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या बाजूने जास्त नीट ऐकू जाईल. मामा सुतारकामाच्या खोलीतून उठून दारात आला होता. भाची तिच्या शेजारी उभी होती. दोघांपैकी कुणाच्याही हातात काही नव्हतं.

"आक्का," मामी पुन्हा ओरडली, "ऐकू येतंय का?"